वाढीची रेघ

पायाचं माप घेणं वरवर पाहता सोपं काम आहे. जमिनीवर खाकी कागद पसरायचा, त्यावर माणसाला अनवाणी उभं करायचं, डाव्या हाताने घोटा हलकेच धरायचा आणि उजव्या हातातली पेन्सिल पायाच्या कडेकडेने फिरवत आणायची. पण त्यातही दोन नियम आहेत, आणि प्राची ते कधी मोडत नसे. पहिला नियम, माप दुपारी चारनंतर घ्यायचं. सकाळी पाय आखडलेला असतो. दिवसभर चालून, उन्हाने तो थोडा फुगतो, आणि बूट त्या फुगलेल्या पायाला सुखाचा झाला पाहिजे. दुसरा नियम लहान मुलांचा. पायाची रेघ काढून झाली की तिच्यापुढे अंगठ्याएवढं अंतर सोडून तुटक तुटक दुसरी रेघ काढायची. ती वाढीची रेघ. मुलाचं अंग वाढतं असतं, म्हणून त्याचा बूट आजच्या पायाचा करायचा नाही, उद्याच्या पायाचा करायचा. आणि ही रेघ पाय कागदावर असतानाच काढायची. पाय उचलल्यावर रिकाम्या कागदावर काढलेली वाढ धरत नाही, असं तिचा कारागीर सदा म्हणे. त्याला ते त्याच्या बापाने सांगितलं होतं.

प्राचीचं दुकान रेवदंड्यात, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मुंबईत पादत्राणांचं काम शिकून, तिथे सात-आठ वर्षं नोकरी करून ती परत आली, ती एकच वेड घेऊन. तिला जुन्या काळातले बायकांचे बूट फार आवडत. पुढून गोल, घोट्यापाशी नाजूक पट्टा, मोत्यासारखं बक्कल आणि बोटभर उंचीची टाच. काळ्यापांढऱ्या फोटोंतल्या मुली पाय जोडून उभ्या असतात, तेव्हा त्यांच्या पायांत असतात तसे. ती ते लिंबाच्या, फिक्या गुलाबी, ताकासारख्या पांढऱ्या रंगांत करायची, आणि त्यांच्या जोडीला मलमलचे घेरदार फ्रॉक शिवून घ्यायची, फुग्याच्या बाह्यांचे, गोल कॉलरचे. एप्रिल-मे महिन्यांत मांडव्याला लाँचमधून उतरणाऱ्या मुली रिक्षा करून तिच्याकडे यायच्या, कागदावर उभ्या राहायच्या आणि करंगळीजवळून पेन्सिल गेली की खिदळायच्या.

सगळ्यांत जास्त खिदळायची ती तिची लेक नेत्रा. पोर चालायला लागल्यापासून दर अक्षय्य तृतीयेला प्राची तिचं माप घेत आली होती. नवी वस्तू करायला दिवस चांगला, आणि सुट्टीचे बूटही त्याच सुमारास लागत. आठ वर्षांचे आठ कागद तिने तारखा घालून जपून ठेवले होते. नेत्राच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, जन्मापासून. पेन्सिल तिथे पोचली की नेत्रा पाय आखडून घ्यायची, रेघ वाकडी व्हायची, आणि प्राची म्हणायची, "हलू नकोस गं!"

त्या वर्षी मार्चमध्ये चौलहून नीराबाईंचा निरोप आला. नीराबाई पंचाहत्तरीच्या, नारळी-पोफळीच्या वाडीत एकट्या राहणाऱ्या. त्यांचे आजोबा तुळशीराम बूट शिवायचे. सुट्टीत बोटीने चौल-रेवदंड्याला येणाऱ्या मुंबईच्या बायकांचे बूट त्यांनी वर्षानुवर्षं केले होते. त्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर पडून होती.

"माझ्यामागं भंगारात जायची," नीराबाई म्हणाल्या. "त्यापरास तू ने, बाय. तुझ्याकडं कामाला येल."

पेटी उघडली तेव्हा प्राचीला दिवाळी झाल्यासारखं वाटलं. सागाचे फर्मे, म्हणजे ज्यांच्यावर बूट चढवून आकार देतात ते लाकडी पाय, हाताच्या घामाने काळे गुळगुळीत झालेले होते. गंजलेली बकलं होती, आणि खाली सुतळीने बांधलेले मापांचे शेकडो कागद. प्रत्येक कागदावर मोडीच्या वळणाच्या मराठीत नाव आणि तिथी. कुठल्या कुठल्या बायकांचे, पोरींचे पाय! त्यांतल्या बहुतेक आता जगातही नसतील, पण पाय मात्र तिथेच उभे होते. सदा आणि ती दोन दिवस कागद लावत बसले.

तळाशी एक वेगळा गठ्ठा निघाला. नऊ कागद. त्यांच्यावर नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, वैशाख शुद्ध तीन. नऊही कागदांवर तेच, अक्षय्य तृतीयेची तिथी.

"एका पोरीचेच हायेत," सदा म्हणाला. साठीच्या सदाला पाय वाचता यायचे. "ह्यो तिचा पैला, चालाया लागली तवाचा. मंग दर साली येक. आन् ताई, ही बगा करंगळी. आपल्या नेत्राचीच बहीन दिसत्ये."

डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

प्राचीला हसू आलं. तिने नेत्राला हाक मारून दाखवलं, आणि नेत्राने सांगून टाकलं, "मग मी मागच्या जन्मी पण इथेच होते. तेव्हा पण मला गुदगुल्या होत होत्या, बघ ना, रेघ कशी वाकडी झालीय."

खरंच, प्रत्येक कागदावर करंगळीपाशी रेघ किंचित हललेली होती.

एवढ्यावर ते थांबलं असतं. पण प्राची कामाच्या बाबतीत चोख बाई होती. दोन मापं सारखी दिसली की ती उजेडावर धरून पाहायची तिला सवय होती. दुपारी दुकानात कोणी नसताना तिने नेत्राचा पहिला कागद काढला आणि नऊंतल्या पहिल्यावर ठेवून खिडकीशी धरला. दोन रेघांची एक रेघ झाली.

तिने दुसऱ्यावर दुसरा ठेवला. तिसऱ्यावर तिसरा.

नेत्रा सहा वर्षांची असताना कोर्लईच्या खडकांवर कालवाच्या शिंपल्याने तिची टाच कापली होती. जखम भरली, पण टाचेच्या बाहेरच्या कडेला वालाच्या दाण्याएवढी गाठ राहिली, आणि पुढच्या मापांत ती रेघेला दिसू लागली. जुन्या गठ्ठ्यात पहिल्या सहा कागदांवर टाच साफ होती. सातव्यावर गाठ होती. आठव्यावरही होती.

प्राचीने कागद खाली ठेवले आणि उठून पाणी प्यायली. पाय सारखे असू शकतात, तिने स्वतःला समजावलं. हजारो पाय पाहिलेत आपण. खडकांवर तर गावातली सगळीच पोरं पाय कापून घेतात.

मग तिने नववा कागद पाहिला. त्याच्याशी जोडी लावायला नेत्राचा कागद अजून नव्हता. तो यंदाचा, महिन्याभराने निघायचा होता. नववा पाय आठव्याहून थोडासा मोठा होता. करंगळीपाशी रेघ हललेली नव्हती, अगदी सरळ, शांत गेली होती. आणि आणखी काहीतरी चुकत होतं. ते काय, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

नवव्या कागदावर वाढीची रेघ नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चौलला गेली. नीराबाई पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होत्या.

"ती पोर कोन, मला ठाव न्हाय," त्या म्हणाल्या. "मी पन इचारलेलं. मी तवा लहान. आजाला म्हनलं, सगल्यांची नावं लिवता, हिचं का न्हाय? तर म्हनला, नाव गिऱ्हाईक आल्यावर लिवायचं. हे अजून आलं न्हाय."

"आलं नाही? मग माप कुणाचं घेतलं?"

नीराबाईंनी हातातलं सोल ताटात ठेवलं. "त्येच तर. अख्तीच्या दिवशी, ऊन उतरलं का, आजा दारात कागद हातरून बसायचा. म्होरं कोन न्हाय. डावा हात असा धरायचा." त्यांनी हवेत मूठ केली. अर्धी उघडी, लहानसा घोटा मावेल एवढी. "आन् पेन्सिल फिरवायचा. मधीच हसायचा, म्हनायचा, हलू नको. आमी पोरं लांबून बगायचो. घरात कोन काय बोलायचं न्हाय. कामाला माणूस चोख होता ना, त्याला कोन येडा म्हननार?"

"आणि शेवटच्या वर्षी?"

"त्या साली हसला न्हाय. हलू नको असं पन म्हनला न्हाय. बराच येल हात तसाच धरून बसला. मंग रडाया लागला." नीराबाईंनी सोलांचं ताट बाजूला सारलं. "त्याच्यामागं त्यानं आरी हातात धरली न्हाय, बाय. पेटीला चावी लावली ती लावली. म्या तुला सांगाया नको व्हतं का?"

परतताना रिक्षात प्राचीच्या लक्षात आलं, आपला डावा हात मांडीवर अर्धा मिटलेला आहे.

विनेश, तिचा नवरा, मांडव्याला लाँचवर काम करायचा. संध्याकाळी तो जेवायला बसल्यावर तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "प्राची, नऊ कागदच का, तर आजोबा थकले म्हणून. त्यात तू आपल्या पोरीला कशाला गुंफतेस? जाळून टाक ते कागद."

"जाळले आणि काही झालं तर?"

"आणि नाही जाळले आणि काही झालं तर?" असं म्हणून तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. मग पानावरून उठता उठता म्हणाला, "ह्या सुट्टीत तिला पाण्यात सोडत नाही मी. झालं?"

प्राचीने कागद जाळले नाहीत. मापाचा कागद जाळणं तिच्या हाताला जमणारच नव्हतं. तिने ते कपाटात ठेवले, चावी गळ्यातल्या साखळीत अडकवली, आणि रोज सकाळी नेत्रा झोपेत असताना तिच्या तळपायाला टेप लावू लागली. नवव्या पायाहून नेत्राचा पाय जवभर लहान होता. आठवड्याने अर्धा जव. पोरीचं वाढणं पाहून जिवाचा थरकाप होणारी आई जगात दुसरी कुणी असेल का, असं तिला वाटे. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, "नेत्राने काय उंची घेतलीय!" आणि प्राची लगेच नेत्राच्या पायांकडे बघायची.

मग तिला उपाय सुचला, आणि तो इतका साधा होता की ती स्वतःवरच चिडली. नवव्या कागदावर वाढीची रेघ नाही ना? मग ती काढायची. पाय कागदावर असतानाच काढायची असा नियम आहे, तर नेत्राला त्याच कागदावर उभं करायचं, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, आणि आपल्या हाताने रेघ काढून द्यायची. म्हाताऱ्याचं राहिलेलं काम पुरं करायचं. एवढं ठरल्यावर त्या रात्री तिला पंधरा दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

नेत्राचे यंदाचे बूट तिने आधीच करायला घेतले. लिंबाच्या रंगाचे, पांढऱ्या पट्ट्याचे. सदाला सांगितलं, पुढे दोन बोटं वाढ सोड.

"दोन बोटं?" सदाने कपाळाला हात लावला. "ताई, बूट कराचाय का होडी?"

"दोन बोटं, सदाकाका."

"बरं, होडी तर होडी. वल्ही येगली कराया लागतील."

अक्षय्य तृतीया उजाडली. विनेशने नेत्रावर लक्ष ठेवायला सुट्टी घेतली होती. दुकानासाठी समुद्रावर उन्हाळी कपड्यांचे फोटो काढायचे होते, आणि पूनम, शेजारची कॉलेजातली मुलगी, कॅमेरा घेऊन सकाळीच आली होती. नेत्राने बुंदक्यांचा घेरदार फ्रॉक घातला, केसांना रिबन बांधली आणि नव्या बुटांत पाय घातले. प्राचीने वाकून बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं, सगळ्या आया दाबून पाहतात तसं. अंगठा खोल आत गेला. भरपूर जागा होती. तिने टोकात कापूस भरला आणि बक्कल लावलं.

नेत्रा आरशासमोर पाय जोडून उभी राहिली. काळ्यापांढऱ्या फोटोंतल्या मुली राहतात तशी.

"आई, माप आत्ताच घे ना," ती म्हणाली. "मग मी मोकळी. फोटो झाल्यावर मला कंटाळा येतो."

कपाटाची चावी प्राचीच्या गळ्यातच होती. कागद चार पावलांवर होता.

"सकाळी पाय आखडलेला असतो, राणी," ती म्हणाली. "माप चार वाजता."

"तुझे नियम!" नेत्राने नाक मुरडलं आणि ती बापाचा हात धरून पायऱ्या उतरली. पूनम मागोमाग गेली. समुद्रापर्यंत जेमतेम पाच मिनिटांची वाट.

दुपारभर दुकानात मुली येत राहिल्या. बारानंतर विनेशचा फोन आला, किल्ल्याच्या भिंतीशी फोटो छान निघालेत, पूनमच्या आत्याकडे जेवून पुन्हा वाळूवर दोन-चार काढू आणि येऊ. पाठीमागे नेत्राचं हसणं ऐकू येत होतं.

साडेतीनला गर्दी ओसरली. सदा चहा आणायला नाक्यावर गेला. प्राचीने कपाट उघडलं, नववा कागद काढला, दारातल्या उजेडात जमिनीवर पसरला. पेन्सिलीला टोक केलं. रस्त्यावर ऊन पांढरं झालं होतं. समुद्राकडून वारा येत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

चारच्या ठोक्याला उंबऱ्यावर लिंबाच्या रंगाचे बूट आले.

"आलीस? बाबा कुठेत?"

"मागून येतायत."

बूट ओले होते. पांढरे पट्टे करडे झाले होते आणि शिवणींत काळसर वाळू बसली होती.

"पाण्यात गेलीस?"

"थोडीशीच."

प्राची खाली वाकली. रागवायचं नंतर. तिने सवयीने बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं.

अंगठा आत गेला नाही.

तिने दुसरा बूट दाबला. पायाचं बोट थेट टोकाला भिडलेलं होतं. कापूस नव्हता. जागा नव्हती. दोन बोटं वाढ सोडलेला बूट पायाला मापात बसला होता, तंतोतंत, एखाद्या मोठ्या बाईच्या पायाला बसतो तसा.

पाय फुगलाय, ती मनात म्हणाली. चार वाजलेत. उन्हाने पाय फुगतो.

तिने बक्कलं काढली.

"उभी राहा इथे. कागदावर."

बुटात दोन बोटं वाढलेला पाय कागदावर आला तो मात्र नवव्या मापाचाच. गाठीवर गाठ बसली. करंगळीवर करंगळी. रेघेच्या आत नाही, बाहेर नाही.

प्राचीने डाव्या हाताने घोटा धरला. घोटा गार होता. ओला होता म्हणून असेल.

"हलू नकोस," ती म्हणाली.

तिने पेन्सिल अंगठ्यापुढे टेकवली. अंगठ्याएवढं अंतर सोडलं. तुटक तुटक रेघ काढायला लागली. एक. दोन. तीन.

पेन्सिल करंगळीपाशी आली. तिने मुद्दाम ती कडेला घासली.

नेत्रा हसली नाही.

पाय आखडला नाही.

टेबलावरचा फोन थरथरायला लागला. मान न वळवता प्राचीला काचेवर विनेशचं नाव दिसलं. फोन थांबला. लगेच पुन्हा सुरू झाला.

रस्त्याने कुणीतरी समुद्राकडे पळत गेलं. मग आणखी दोघं.

दारात सावली पडली. सदा चहाची किटली घेऊन उभा होता. त्याने कागदाकडे पाहिलं, तिच्या अर्ध्या मिटलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "कुनाचं माप घेताय?"

प्राचीने वर पाहिलं नाही. डावी मूठ तिने सैल पडू दिली नाही. वाढीची रेघ अजून निम्मीच झाली होती.